सात दिवसांत नडगी भरत नाही

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे 2025 मध्ये विनारोख उपचारांची योजना अधिसूचित केली. मर्यादा दीड लाख रुपये, मुदत अपघातापासून सात दिवस. जीव वाचवण्यासाठी ती हवीच होती. पण ज्याच्या नडगीचं पाच-सहा सेंटिमीटर हाड गेलं आहे, त्याचा खरा उपचार सातव्या दिवशी सुरूही झालेला नसतो.

1. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर स्नायू नसतात, नुसती कातडी असते. दुचाकीच्या अपघातात हाड ती फाडून बाहेर येतं, त्यात माती जाते, तुकडे निखळतात. पुढे पू झाला की मेलेलं हाड डॉक्टरांना काढावंच लागतं. एवढी पोकळी नुसती सळई घालून भरत नाही.

2. यावर उपाय आहेत, आणि ते काही आजचे नाहीत. सैबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रील इलिझारॉव यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं, की चांगल्या भागात हाड कापून अगदी सावकाश ताणलं तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. ताणायचं दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा थोडं थोडं. पायाभोवती रिंगा आणि हाडातून आरपार तारा. नट रुग्ण स्वतः किंवा घरचं माणूस फिरवतं. हाडाचा तुकडा पोकळी ओलांडत पुढे सरकतो आणि त्याच्या मागे नवं हाड भरत जातं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या व्हॅलेरी ब्रुमेलचा पाय मोटरसायकल अपघातात चिरडला होता. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर तो 1968 मध्ये इलिझारॉव यांच्याकडे गेला आणि पुढे पुन्हा उडी मारू लागला.
फ्रान्सच्या आलँ मास्केले यांची पद्धत वेगळी आहे. पोकळीत आधी सिमेंटचा ठोकळा ठेवायचा. सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेला पडदा तयार होतो. मग ठोकळा काढून तिथे कमरेच्या हाडाचा कीस भरायचा.

3. आता वेळेचा हिशेब पाहा. हाड कापल्यावर आठवडाभर थांबून मग पहिला नट फिरतो. सहा सेंटिमीटर सरकायला दोन महिने, आणि नवं हाड घट्ट होईपर्यंत रिंग पायावरच. ढोबळमानाने दर सेंटिमीटरमागे महिना ते दोन महिने. या काळात तारांच्या भोकांतून पू येतो, घोटा आखडतो, दर काही आठवड्यांनी एक्स-रे लागतो. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते, त्याला घेऊन जाणाऱ्या बायकोचीही बुडते. उपचार अर्धवट सुटतात ते इथे, शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे. सरकारी पॅकेज मात्र शस्त्रक्रियेभोवतीच बांधलेलं असतं.

4. म्हणून मागण्या अशा: रिंग निघेपर्यंतचा संपूर्ण उपचार एकच पॅकेज धरावा. ड्रेसिंग, एक्स-रे आणि फिजिओथेरपी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मिळावी. रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला एसटीचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग द्यावा. प्रत्येक महसुली विभागात अस्थिरोग आणि प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून एकत्र काम करतील असं एक तरी सरकारी केंद्र हवं. हाड झाकायला कातडी-स्नायू नसेल तर आतलं काम टिकत नाही.

5. कधी कधी पाय कापणं हाच योग्य निर्णय असतो, विशेषतः रक्तपुरवठा तुटलेला असेल तेव्हा. चांगला कृत्रिम पाय मिळाला तर माणूस उभा राहतो, कामाला लागतो. पण तो निर्णय जखम पाहून व्हावा. "वर्षभर परवडणार नाही, कापूनच टाका," असं कुणाला म्हणावं लागत असेल, तर ती राज्याची नामुष्की आहे.

जिल्हा नियोजन समितीची पुढची बैठक होण्याआधी आपल्या आमदारांना एक पत्र लिहा आणि चौथ्या मुद्द्यातल्या मागण्या त्यात जशाच्या तशा उतरवा.