नापास परवडतं, उशीर परवडत नाही

रिझल्ट लागला की आपल्याकडं दोन दिवसांत चौकाचौकांत बॅनर लागतात. हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी, क्लासवाल्यांच्या बॅनरवर टॉपरचे फोटो, खाली टक्के, सगळ्यात खाली मोबाईल नंबर. ज्यांनी मेहनत केली त्यांचं कौतुक व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण ज्याचा फोटो बॅनरवर नाही, त्याचं काय चाललंय? तो दोन दिवस घराबाहेर पडलेला नसतो. मोबाईल स्विच ऑफ. मावशीचा फोन आला तर आई म्हणते, "झोपलाय."

५ मे २०२५ ला बारावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के. आपला जिल्हा ज्या छत्रपती संभाजीनगर विभागात येतो, त्याचा ९२.२४ टक्के. ऐकायला भारी वाटतं. पण राज्यात परीक्षेला बसलेल्या १४ लाख १७ हजार ९६९ नियमित विद्यार्थ्यांपैकी १३ लाख २ हजार ८७३ पास झाले. म्हणजे सुमारे १ लाख १५ हजार मुलं-मुली नापास. शिवाय पास झालेत पण मनासारखे मार्क नाहीत, अशांची मोजदाद कुठंच होत नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त आपल्यासाठी आहे. आपण कॉलेजात शिकतोय. आपल्या गल्लीत, वस्तीवर, नात्यात असं एक तरी लेकरू यंदा आहे. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या घरात फॉर्म, मुदत, पोर्टल, कॅप राउंड हे शब्द कळणारं दुसरं कुणी नाही.

पहिले पंधरा दिवस

नापास होण्यानं जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा जास्त नुकसान नंतरच्या गप्प बसण्यानं होतं. घरात कुणी विषय काढत नाही. बाप रागात, आई रडवेली, पोरगं भिंतीकडं तोंड करून. असे पंधरा दिवस जातात. आणि नेमक्या त्याच पंधरा दिवसांत छायाप्रतीची मुदत संपते, पुरवणी परीक्षेचा फॉर्म राहतो, आयटीआयची, पॉलिटेक्निकची माहिती काढायची राहते. जूनमध्ये सगळे शांत होतात तेव्हा उत्तर एकच उरलेलं असतं, "आता पुढच्या वर्षी बघू."

हे 'पुढच्या वर्षी' फार महागात पडतं. गावाकडं रिकामं बसलेल्या पोराला कुणी वर्षभर बसू देत नाही. कुणाला पुण्याला कंपनीत पाठवलं जातं, कुणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो, कुणाचं लग्न ठरतं. एका विषयात राहिलेले दोन-चार मार्क असं आख्खं शिक्षण घेऊन जातात.

एक-दोन विषय राहिले असतील तर

आधी पेपर बघा. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. पुनर्मूल्यांकन करायचं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. दर विषयाला फी पडते, म्हणून भावनेच्या भरात सहाही विषयांची मागवू नका. ज्या विषयात खरंच जास्त मार्कांची अपेक्षा होती त्याचीच घ्या आणि विषयाच्या सरांना दाखवा. सर म्हणाले, "बरोबर तपासलंय," तर तिथंच सोडून द्या आणि अभ्यासाला लागा.

कारण पुरवणी परीक्षा लगेचच असते, २०२५ मध्ये ती २४ जूनपासून होती. जे विषय राहिले तेवढेच द्यायचे आहेत. पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरमध्ये व्हायची आणि वर्ष जायचंच. आता ती जून-जुलैत होते, त्यामुळं निकाल लागल्यावर जिथं जागा शिल्लक असतील तिथं याच वर्षी पदवीला प्रवेश घेता येऊ शकतो. फॉर्म आपल्याच कॉलेजमार्फत भरायचा असतो. घरी बसून यूट्यूबवर शोधण्यापेक्षा कॉलेजच्या ऑफिसात जाऊन क्लार्कला विचारा. लाज वाटत असेल तर मित्राला सोबत न्या.

आणखी एक. आपल्याकडं पहाटे ग्राउंडवर पळणारी पोरं खूप आहेत. त्यातले काही म्हणतात, "बारावी राहिली तर राहिली, मी भरती मारतो." पण महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीला बारावी पास लागतं. सोळाशे मीटर कितीही फास्ट पळालात तरी इंग्रजीचा तो एक विषय काढावाच लागेल.

पास झालो, पण मार्क कमी

यांची अडचण वेगळी असते. नापास झालेल्याला निदान काय करायचं ते कळतं. ४८ टक्केवाला मात्र अधांतरी लटकतो. बोर्डाची श्रेणीसुधार योजना यांच्यासाठीच आहे. सगळे विषय पास असलेल्या विद्यार्थ्याला लगतच्या तीन परीक्षांना पुन्हा बसता येतं. २०२५ मध्ये पास झालेल्यांसाठी त्या जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६ अशा आहेत.

पण ही योजना सगळ्यांनी घ्यावी का? नाही. इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के लागतात. तुमची गाडी दोन-तीन टक्क्यांवर अडली असेल तर परीक्षा द्या. नुसतं पाहुण्यांना सांगायला ५५ चे ६५ करायचे असतील, तर तोच वेळ पुढच्या अभ्यासक्रमाला द्या. बीए, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षात तुमचे बारावीचे मार्क कुणी विचारत नाही, हे आपल्याशिवाय दुसरं कोण सांगणार?

रिपीटर होण्याआधी

आता थोडं कडू बोलू. २०२५ च्या नीटला देशभरात २२ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले. आपल्या हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेज आलं, त्याचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला झालं. अभिमानाची गोष्ट आहे. पण तिथं जागा १०० आहेत.

रिपीट करू नका, असं नाही. कुणाला तरी दुसऱ्या वेळी यश मिळतंच. पण लातूर, नांदेडला क्लासची फी, रूम आणि मेस यांचा खर्च भरण्याआधी घरात तीन प्रश्नांवर बसून बोला. गेल्या वर्षी मार्क कुठं गेले हे नक्की कळलंय का? यंदा अभ्यासात वेगळं काय करणार? आणि नाहीच झालं तर पुढचा फॉर्म कोणता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर बाप सोयाबीनचे पैसे फक्त आशेवर लावतोय. रिपीट करायचं तर एकदाच, आणि पुढची सोय डोक्यात ठेवून. दवाखान्यात डॉक्टरशिवाय नर्स, लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, फार्मासिस्ट लागतातच. डी. फार्मसी दोन वर्षांची आहे आणि तिला प्रवेश बारावी सायन्सच्या मार्कांवर मिळतो.

दहावीचं सर्टिफिकेट कुणी घेऊन गेलेलं नाही

बारावी नापास झालेला पोरगा एक गोष्ट विसरतो. त्याची दहावी पास आहे आणि ती कायम राहते. तिच्या जोरावर आयटीआय आणि पॉलिटेक्निकची दारं उघडी आहेत. आयटीआयला वेल्डरसारख्या काही ट्रेडना तर दहावी नापास विद्यार्थीसुद्धा चालतो. बारावी सायन्स पास असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करता येते आणि त्या काळात कायद्यानं विद्यावेतन मिळतं.

"आयटीआय म्हणजे ढ पोरांचं" हे वाक्य आता बंद करू या. आपल्याच औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. २,६०० कोटींचा हा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केला. गुरुत्वीय लहरी पकडणारं हे यंत्र, दोन हात, प्रत्येक हात चार किलोमीटर लांब. अमेरिकेतल्या लायगोत हे हात म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या १.२ मीटर व्यासाच्या नळ्या आहेत. आतली हवा काढून जवळजवळ पूर्ण निर्वात केलेल्या. चार किलोमीटरच्या नळीत सुईच्या टोकाएवढी गळती चालत नाही. म्हणजे ज्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं, तो शोध वेल्डिंगच्या टाक्यांवरही उभा होता. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन यांच्याशिवाय असा प्रकल्प उभा राहत नाही. ती कामं बाहेरचे लोक येऊन करणार की आपली पोरं, हे आपण आज कोणता ट्रेड शिकतो त्यावर ठरेल.

शेतीचंही तसंच. "काही जमलं नाही तर शेती आहेच" हे आपण शिक्षा सुनावल्यासारखं म्हणतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र होतंय. पण मानांकनाचा फायदा नुसतं पोतं मोंढ्यात नेऊन ओतल्यानं मिळत नाही. हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश, प्रतवारी, पॅकिंग, विक्री हे शिकावं लागतं. दहावीनंतर कृषी पदविका करता येते, परभणीचं कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. शेतीत जायचं तर शिकून जा, हरून नको.

आणि पोरींचं काय?

२०२५ मध्ये राज्यात मुलींचा निकाल ९४.५८ टक्के, मुलांचा ८९.५१. पाच टक्क्यांनी पोरी पुढं. तरी नापास पोराला म्हणतात, "पुन्हा बस." नापास पोरीला म्हणतात, "बस झालं आता." पोराचा निकाल लागला की क्लास शोधतात, पोरीचा लागला की स्थळ शोधतात. हा अन्याय आपल्या घरात होतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

इथं भावा-बहिणींनी बोलायला पाहिजे. घरी खर्चाचं कारण सांगितलं तर हे सांगा: वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारनं जुलै २०२४ मध्ये पूर्ण माफ केलंय. त्याच्या अटी आणि कागदपत्रं कॉलेजात विचारून घ्या. बाहेरगावी पाठवत नसतील तर बारावी काढून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी करता येते. आणि अठराच्या आत लग्न ठरत असेल तर तो गुन्हा आहे. १०९८ वर फोन करता येतो.

आपण काय करायचं

मोठं काही नाही. या आठवड्यात एका लेकराच्या घरी जा. "किती पडले?" विचारू नका, ते त्याला पन्नास जणांनी विचारलंय. "कागदपत्रं कुठं आहेत?" असं विचारा. कारण प्रवेश अडतो तो बऱ्याचदा मार्कांवर नाही, कागदांवर. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, सगळ्यांना वेळ लागतो. सेतू केंद्रावर एक दिवस त्याच्यासोबत रांगेत उभे राहा. बापाशीही बोला. कॉलेजात शिकणाऱ्या पोराचं म्हणणं बाप ऐकतो, स्वतःच्या पोराचं ऐकत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

कॉलेजांकडंही एक मागणी. गुणवंतांचा सत्कार जरूर करा. पण हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा या पाचही तालुक्यांत एकेका कॉलेजनं जून संपेपर्यंत एक टेबल लावावं. त्यावर एनएसएसची दोन मुलं, एक शिक्षक आणि भिंतीवर सगळ्या मुदतींचा तक्ता. खर्च जवळपास शून्य. शाल-नारळापेक्षा कमीच.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुणी फार गप्प झालं असेल, जेवत नसेल, "माझ्यानं काहीच होणार नाही" असं म्हणत असेल तर फॉर्म राहू द्या, आधी त्याच्याजवळ बसा. एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ नंबरवर चोवीस तास मोफत आहे. तुम्हीच लावून त्याच्या हातात फोन द्या. मुदत गेली तर पुढची परीक्षा फेब्रुवारीत आहेच.

बाकी सगळ्यांसाठी, उद्या सकाळी दहाला कॉलेजचं ऑफिस उघडतं. मार्कलिस्ट आणि आधार कार्ड सोबत ठेवा.