घरमाशी आणि चिलट

कृष्णा-कोयनेच्या संगमाकडून कऱ्हाडच्या बाजारांत येतांना केळ्यांच्या पाट्यांपाशीं क्षणभर उभें राहिल्यास दोन प्रकारच्या माशा एकाच वेळीं दृष्टीस पडतात. एक आपल्या ओळखीची करडी घरमाशी. दुसरी तिच्या निम्म्याहूनही लहान, तांबड्या डोळ्यांची, जिला आपण चिलट म्हणून हातानें झटकून टाकतों. शास्त्रज्ञ तिला ड्रोसोफिला म्हणतात. दोघींनाही पंखांची एकच जोडी; मागील जोडीच्या जागीं तोल सांवरणाऱ्या दोन बारीक घुंड्या. साम्य बहुतेक येथेंच संपतें.

घरमाशी शेणांत व उकिरड्यांत अंडीं घालते, आणि तेथून उठून थेट आपल्या ताटावर येते. तिला घन पदार्थ चावतां येत नाहीं. गुळाच्या खड्यावर ती प्रथम लाळ ओकते, तो विरघळविते व मग शोषून घेते. तिच्या पायांच्या केसांवर आणि त्या लाळेंत विषमज्वर, हगवण यांचे जंतु असूं शकतात. चिलटाचें तसें नाहीं. त्यास हवें असतें तें आंबत चाललेलें फळ आणि त्यावरील किण्व. त्याच्या अळ्या तेथेंच वाढतात. रस आंबविणाऱ्या जंतूंची ने-आण तेंही करितें, हें खरें. परंतु उकिरडा हें त्याचें आजोळ नव्हे.

असें असतां आपला सारा रोष दोघांवर सारखाच असावा, ही गोष्ट मला अविचाराची वाटते. गुऱ्हाळावर पोरास फडकें हलवीत बसविल्यानें माशा उडतील, कमी होणार नाहींत. उन्हाळ्यांत घरमाशीच्या अंड्याची आठ-दहा दिवसांत माशी होते. म्हणून उकिरडा आठवड्याच्या आंत उपसून शेतांत पातळ पसरला, तरच तिचा वंश खुंटेल.

आणि चिलट? त्यास मारण्यापूर्वीं बाटलींत धरावें. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत टॉमस मॉर्गन यांना १९१० सालीं अशाच माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला, आणि त्याच्या वंशावळींतून आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर वसतात हें त्यांनीं दाखवून दिलें. १९३३ चें नोबेल पारितोषिक त्यांस या कार्याबद्दल मिळालें. २०१७ मध्यें देहांतील दिनरात्रीच्या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तिघांनाही तें याच माशीवरील संशोधनाबद्दल लाभलें. आमचे विद्यार्थी मात्र पुस्तकांतील आकृति मक्षिकास्थाने मक्षिका उतरवून घेतात! एक पिकलेलें केळें, एक रुंद तोंडाची बाटली आणि पातळ फडकें, एवढें साहित्य कोणत्याही शाळेस परवडेल. चिलटें आंत शिरलीं कीं फडकें बांधावें. दहा-बारा दिवसांत अंड्यापासून चिलटापर्यंतचा सारा प्रवास डोळ्यांदेखत घडतो. वसतिगृहाच्या आचाऱ्यानें ती बाटली घाण समजून फेकूं नये, एवढी खबरदारी मात्र घ्यावी लागेल.