मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद?

रँग्लरला ३५ इंची टायर चढवले की जो तो सांगतो, "५.१३ टाक, बिनधास्त!" का रे बाबा? जेके रुबिकॉनचा मूळ टायर साधारण ३२ इंची, रेशो ४.१०. त्रैराशिक मांडा: ४.१० × ३५ ÷ ३२ = ४.४८. म्हणजे ४.५६ पुरे.

डाना ४४ मध्ये ४.५६ म्हणजे क्राऊनला ४१ दात, पिनियनला ९. ५.१३ ला पिनियनवर उरतात ८. क्राऊन तेवढाच, म्हणजे बारीक होणार ते पिनियनच. वर हायवेवर इंजिन साडेबारा टक्के जास्त फिरणार, ते वेगळंच.

दगडांसाठी ४:१ ची लो रेंज दिलीय ना? ती वापरा. सोमवारी त्याच गाडीने ऑफिस गाठायचंय, राव!