ज्ञानगंगा घरोघरी; पण घाट कोण बांधणार?

१८७५ साली दापोली तालुक्यातील मुरूड गावचा एक सतरा वर्षांचा मुलगा सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा देण्यासाठी साताऱ्यास पायी निघाला. समुद्रमार्गे मुंबईस जावे, तर हवा बिघडलेली. म्हणून शंभराहून अधिक मैलांची ही वाट आणि मध्ये सह्याद्रीचा घाट. एवढे अंतर तुडवून तो साताऱ्यास पोहोचला, तेव्हा वयाच्या मानाने लहान दिसतो एवढ्याच कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे हाच मुलगा महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणून ओळखला गेला आणि १९१६ साली त्याने महिलांसाठी विद्यापीठ काढले.

या हकीकतीत दोन अडथळे आहेत. एक घाटाचा, तो जिद्दीने ओलांडता आला. दुसरा दाराशी आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठविणाऱ्या व्यवस्थेचा. त्यापुढे जिद्दीचा इलाज चालला नाही. आज नोकरी सांभाळून घरबसल्या पदव्युत्तर शिक्षण घेण्याच्या सोयींचा जो गाजावाजा होत आहे, त्याची परीक्षा या दोन्ही कसोट्यांवर केली पाहिजे. पहिल्या कसोटीस हे शिक्षण बऱ्याच अंशी उतरते. दुसऱ्या कसोटीस ते उतरते काय, हा खरा प्रश्न आहे.

अंतर संपले, अडचण उरली

अंतराचा अडथळा दूर करण्याचे काम आपल्याकडे गेली साठ वर्षे चालू आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली तीच वाट धरली. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात हे ब्रीद केवळ शोभेचे राहिले नाही. ज्यांना पदवीसाठी घर आणि नोकरी सोडून मुंबईस किंवा कोल्हापुरास जाणे परवडले नसते, अशा कितीतरी कारकुनांना, शिक्षकांना आणि संसारात अडकलेल्या स्त्रियांना टपालाने येणाऱ्या पुस्तकांनी पदवीपर्यंत नेले.

आता टपालाची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी नवी नियमावली जारी केली. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असेही आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे 'बाहेरून केलेली पदवी' म्हणून नाक मुरडण्याला कायद्याचा आधार राहिलेला नाही. घाट उतरला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु दाराशी काय येते? अनेकदा येते ते वर्गातले व्याख्यान, जसेच्या तसे चित्रित केलेले; आणि सोबत छापील पानांची छायाचित्रे. आयोगाच्या नियमांनुसार ऑनलाइन अभ्यासक्रमात दृक्श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, चर्चेची सोय आणि मूल्यमापन असे चार घटक असावे लागतात. नियम योग्यच आहे. मात्र हे चार घटक आहेत की नाहीत, एवढेच नियमाला पाहता येते. त्यांतून कोणी काही शिकले काय, हे नियम ठरवू शकत नाही. दिवसभर सात तास शाळेत उभे राहून आलेली शिक्षिका रात्री नऊ वाजता तासाभराच्या एकसुरी व्याख्यानापुढे बसते आणि दहाव्या मिनिटाला तिचे डोळे मिटतात. तिला कोणी नकार दिलेला नाही, तिने शुल्कही भरलेले आहे. आणि तरीही ती साताऱ्याच्या त्या मुलाप्रमाणे दारातूनच परतते. जगभरच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अनुभव हेच सांगतो. नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आढळले आहे. एवढे सगळे लोक आळशी असतात, असे मानणे सोयीचे आहे; खरे नव्हे.

रचनेची विद्या

या दुखण्यावर उपाय सांगणारी एक स्वतंत्र विद्या आहे. तिला शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत अनुदेशन-रचना म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखो नवख्या माणसांना अल्पावधीत यंत्रे चालविण्यास शिकवावे लागले, त्या गरजेतून या विद्येला गती मिळाली. रॉबर्ट गॅन्ये या मानसशास्त्रज्ञाने १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात शिकण्यासाठी कोणती परिस्थिती निर्माण करावी लागते, याची मांडणी केली. पुढे १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा राज्य विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी या कामाची पद्धत बसविली गेली. शिकणाऱ्याचे व गरजेचे विश्लेषण, आराखडा, साहित्यनिर्मिती, अंमल आणि मूल्यमापन या पाच पायऱ्या आजही या क्षेत्रात प्रमाण मानल्या जातात. ज्याने प्रशिक्षण महाविद्यालयात हर्बार्टची पंचपदी गिरविली आणि ज्याने वर्षानुवर्षे टाचण लिहिले, त्या मराठी शिक्षकाला ही कल्पना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, वर्गात टाचण फसले तर मुलांचे चेहरे पाहून शिक्षक ते तेथल्या तेथे सावरतो. पडद्यावरच्या पाठाला समोरचे चेहरे दिसत नाहीत. म्हणून सावरण्याची सारी तजवीज आधीच करून ठेवावी लागते.

भूगोलातील भरती-ओहोटीचा पाठ घ्या. चित्रित व्याख्यान व्याख्येपासून सुरू होते आणि चंद्र-सूर्याच्या आकर्षणावर संपते. रचनेचा विचार करणारा शिक्षक आधी विचारतो की, हे मूल काय जाणते? रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातील मुलाला भरतीची वेळ घड्याळावाचून कळते; पाली किंवा लांज्याच्या मुलाने कदाचित समुद्र वर्षातून एकदाच पाहिलेला असतो. पहिल्याला आठवडाभर भरतीची वेळ टिपून आणावयास सांगता येते. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे त्याचे त्यालाच सापडते आणि 'असे का?' हा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो. चंद्र त्यानंतर यावयाचा. दुसऱ्या मुलाला तोच तक्ता तयार देऊन त्यातील क्रम शोधावयास लावावे लागेल. विषय एक, पाठ दोन. या निवडीमागे जे ज्ञान लागते, ते विषयाच्या ज्ञानाहून वेगळे आहे, आणि ते शिकविता येते.

ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने हे पहिल्यापासून ओळखले. तेथे अभ्यासक्रम एकट्या प्राध्यापकाने लिहावयाचा नाही, असा दंडक पडला. विषयतज्ज्ञ, शिक्षण-तंत्राचे जाणकार, संपादक आणि बीबीसीचे निर्माते यांचे मंडळ मिळून तो तयार करीत असे. आपल्याकडेही ही दृष्टी नव्हती असे नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी मुक्त शिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार केला. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या दूरशिक्षण विषयातील एम. ए. च्या अभ्यासक्रमात अनुदेशन-रचनेला स्वतंत्र अभ्यासपत्रिका आहे. मुंबईच्या आयआयटीने २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा संशोधन कार्यक्रम सुरू केला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात, म्हणजे कर्व्यांच्याच विद्यापीठात, या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तथापि, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतील शिक्षकाला नोकरी न सोडता, आपल्या भाषेतून ही विद्या पदव्युत्तर पातळीवर आत्मसात करता येईल, अशी वाट आजही सहज सापडत नाही.

२०२० ने शिकविलेला धडा

ही उणीव किती महाग पडते, हे रत्नागिरी जिल्ह्याने २०२० मध्ये पाहिले. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड या तालुक्यांची दैना केली. अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. त्याच महिन्यात करोनाच्या साथीमुळे बंद असलेल्या शाळांचे नवे वर्ष पडद्यावर सुरू झाले. शाळा बंद, पण शिक्षण सुरू, हे वाक्य तेव्हा परवलीचे झाले होते. कोकणात विद्यार्थी संपर्काच्या शोधात डोंगर चढून जात असल्याच्या बातम्या त्या पावसाळ्यात आल्या.

त्या वेळी सारी चर्चा मनोरे, भ्रमणध्वनी आणि वीज यांभोवती फिरली, आणि ते साहजिक होते. पण डोंगरावर पोहोचलेल्या मुलाला तेथे काय मिळाले, हा प्रश्न मागे राहिला. शिक्षकांनी जिवाचे रान केले. कोणी घरोघरी स्वाध्याय पोहोचविले, कोणी ओसरीवर चार मुले जमवून शिकविले. परंतु दूरच्या विद्यार्थ्यासाठी पाठ कसा रचावा, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. शैक्षणिक कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी पुण्यात १९८४ साली सुरू झालेली 'बालचित्रवाणी' २०१७ मध्ये बंद झाली होती, आणि तीनच वर्षांनी तिच्या कामाची गरज सगळ्या राज्याला भासली. साधने उद्या विकत घेता येतात. अनुभवी माणसांचा संच मोडला की तो पुन्हा जमविण्यास वर्षे लागतात.

प्रमाणपत्र की कौशल्य?

यावर एक आक्षेप सहज येईल. वीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकावर आणखी एक पदवी कशाला लादावयाची? प्रशिक्षणांचा त्याला आधीच उबग आला आहे. हा आक्षेप वाऱ्यावर सोडून देण्याजोगा नाही. २०२२ मध्ये राज्यातील वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठीचे प्रशिक्षण ऑनलाइन झाले, त्याला नव्वद हजारांहून अधिक शिक्षकांनी नावे नोंदविली. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वाचला, ही सोय मोठीच. परंतु जेथे वेतनश्रेणी प्रमाणपत्राला बांधलेली असते, तेथे प्रशिक्षण 'पूर्ण करणे' आणि प्रशिक्षणातून शिकणे यांतील अंतर वाढण्याचा धोका असतो. सरकारी कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांनाही 'आयगॉट कर्मयोगी'सारख्या व्यवस्थेमुळे आता हाच अनुभव येऊ लागला आहे. टिप्पणी कशी लिहावी यावरचे भाषण ऐकून कोणाला टिप्पणी लिहिता येत नाही. ती लिहावी लागते, जाणकाराने तांबड्या शाईने खुणा करून परत करावी लागते, आणि पुन्हा लिहावी लागते.

म्हणून आक्षेपाचे उत्तर पदवीच्या स्वरूपातच शोधले पाहिजे. अनुदेशन-रचनेचा अभ्यासक्रम स्वत:च वाईट रचलेला असेल, तर त्यासारखा विनोद दुसरा नाही. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याची जी अडचण समजली जाते, तीच येथे त्याचे भांडवल आहे, कारण त्याचा वर्ग किंवा त्याचे कार्यालय हीच त्याची प्रयोगशाळा आहे. त्याने आपल्याच मुलांसाठी एक घटक रचावा, शिकवावा, घटक चाचणीतून तो कोठे फसला हे शोधावे, आणि पुन्हा रचावा. पूर्णवेळ विद्यार्थ्याला हे सुख नसते. अशा पदवीचा शेवट तीन तासांच्या लेखी परीक्षेने होता कामा नये. दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या शिक्षकाच्या हातात चाललेला पाठ हाच तिचा पुरावा असावा.

यासाठी नवी इमारत नको आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठ यांनी मिळून मराठीतून असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखावा. प्रत्येक जिल्ह्यातील शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत सुट्टीच्या दिवसांत समोरासमोर भेटीची सोय करावी, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत विद्यार्थी-शिक्षकांनी रचलेल्या पाठांची चिकित्सा व्हावी. पाठ असे असावेत की, ते एकदा उतरवून घेतले म्हणजे वीज आणि संपर्क गेला तरी अडणार नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोकणात चालेल तो अभ्यासक्रम महाराष्ट्रात कोठेही चालेल. शुल्क शिक्षकाच्या पगाराला झेपेल इतके हवे. अन्यथा ही जागा जाहिरातबाज खाजगी कंपन्या भरून काढतील, आणि त्या पदवी विकतील. विद्या देतीलच याची हमी नाही. विद्यापीठांनी आपल्या नावाने इतरांना अभ्यासक्रम चालवू देऊ नयेत, असे अनुदान आयोगाने बजावलेले आहेच.

नदी दारावरून वाहते एवढ्याने तहान भागत नाही. काठ उंच आणि निसरडा असेल, तर लहान मूल आणि थकलेले माणूस पाण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पूर्वजांनी नदीला पायऱ्यांचे घाट बांधले. ज्ञानगंगा रत्नागिरीच्या घराघरांशी आली आहे, हे गेल्या साठ वर्षांचे श्रेय आहे. तिला पायऱ्या बांधणारे गवंडी येथल्याच शिक्षकांतून तयार करणे, हे पुढचे काम आहे. ते झाले नाही, तर मुरूडच्या मुलाचा घाट आपण सपाट केला, पण साताऱ्याचे दार मात्र बंदच ठेवले, असे म्हणण्याची पाळी येईल.