हँडलिंग की हातचलाखी?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. पण वर्धा रोडवरच्या एका शोरूमने दिलेल्या कोटेशनमधला ‘हँडलिंग चार्जेस’ हा शब्द मला दोन्ही भाषांत बसवता आला नाही. मराठीत ‘हाताळणी’ म्हणावे, तर विकायची वस्तू हाताळणे हा दुकानदाराचा धंदाच आहे. किराणेवाला साखर मोजण्याचे वेगळे पैसे घेत नाही. उर्दूतले ‘हाथ की सफाई’ जास्त नेमके वाटते.

‘विमा आणि अ‍ॅक्सेसरीज आमच्याकडूनच घ्या, नाहीतर गाडी उशिरा मिळेल’ ही तर सरळ अडवणूक आहे. एका वस्तूसाठी दुसरी घ्यायला भाग पाडणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला मंजूर नाही. विमा कुठून घ्यायचा, हे ग्राहकच ठरवणार.

सर्व्हिसिंगमध्येही तेच. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. मोहल्ल्यातल्या मिस्त्रीची वाट बंद केली, की शोरूम म्हणेल ते बिल!

‘एवढी गाडी घेतली, आता चार-पाच हजारांसाठी काय भांडायचं?’ असे आपण म्हणतो. हा मोठेपणा नव्हे. याच सवयीवर त्यांचा धंदा चालतो. प्रत्येक आकार लेखी मागा. कोऱ्या जॉब कार्डवर सही करू नका. बदललेला जुना भाग परत मागा. तरी ऐकले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, आणि तिथे वकील लावलाच पाहिजे असेही नाही.