'कुनिंगास' : उसना शब्द की जपलेला ठेवा?

फिनिश भाषेने राजासाठीचा शब्द शेजाऱ्यांकडून घेतला, एवढे सांगून 'कुनिंगास' या शब्दाची बोळवण केली जाते. यात घेणाऱ्या भाषेवर अन्याय होतो, असे मला वाटते.

फिनिश ही युरालिक कुलातील भाषा. जर्मन, स्वीडिश, इंग्रजी या इंडो-युरोपीय कुलाच्या जर्मानिक शाखेतील. या शाखेची मूळ भाषा कोणत्याही ग्रंथात उपलब्ध नाही. तिच्यातील राजवाचक शब्द अभ्यासकांनी तुलनेने सिद्ध केला आहे : 'कुनिंगाझ'. त्याचे आजचे वंशज पाहा. जर्मनमध्ये 'क्योनिग', स्वीडिशमध्ये 'कुंग', इंग्रजीत 'किंग'. अंत्य प्रत्यय सर्वत्र झडला. फिनिशमध्ये मात्र 'आस' शिल्लक आहे. संस्कृत 'जनः' मधील विसर्ग हा त्याच प्रथमेच्या प्रत्ययाचा दूरचा आप्त होय. (कुळ या अर्थाचा जो शब्द 'कुनिंगाझ'च्या मुळाशी मानतात, त्याचा आणि 'जन' याचा धातूही एकच.)

'रेंगास', म्हणजे कडे, हा शब्द याहून बोलका आहे. जर्मानिक भाषांत त्याचा 'रिंग' झाला. त्याआधीचा 'ए' स्वर फिनिशने राखला. सारेच जसेच्या तसे उरले, असे नव्हे. 'द्रुह्तिनाझ'मधील आद्य 'द' फिनिश उच्चारसवयीला मानवला नाही, म्हणून राजपुत्र 'रुह्तिनास' झाला. तरीही डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन यांनी १८६९ मध्ये अशा शब्दांचा पद्धतशीर अभ्यास मांडला, तेव्हा जर्मानिकच्या पूर्वरूपासाठी फिनिशची साक्ष किती मोलाची आहे हे स्पष्ट झाले.

मराठी व्याकरणात तत्सम, तद्भव, देशी असा क्रम लावून परभाषीय शब्द आपण शेवटी बसवतो. वर्गीकरण म्हणून ते ठीक. पण त्या क्रमाला प्रतिष्ठेचा क्रम समजणे चुकीचे. धन्याने गमावलेले रूप येथे ऋणकोच्या घरी सापडते.

विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी मात्र बाळगावी. शब्द आला म्हणजे त्याबरोबर परका राजाही येऊन राज्य करू लागला, असा निष्कर्ष निघत नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये फिनलंडच्या संसदेने हेसचा राजपुत्र फ्रीड्रिख कार्ल याची राजा म्हणून निवड केली. डिसेंबरमध्ये त्याने माघार घेतली, १९१९ मध्ये प्रजासत्ताकाची राज्यघटना आली आणि स्वतंत्र फिनलंडच्या गादीवर 'कुनिंगास' कधी बसलाच नाही.