चीनची एलएल.एम. : पदवी मिळेल, सनद मिळणार नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवा पाच वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा सुरू झाली. जून २०२० च्या गलवान चकमकीनंतर गोठलेले संबंध आता थोडेफार वितळू लागले आहेत आणि परदेशी शिक्षणाच्या बाजारात चीनचे दुकानही पुन्हा मांडले जात आहे. आतापर्यंत चीन म्हटले की एमबीबीएस हे समीकरण होते. आता कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण, तेही संपूर्ण इंग्रजीतून, अमेरिका-इंग्लंडच्या मानाने कितीतरी स्वस्तात, असा प्रचार होतो. आपल्या वस्तीतून एलएल.बी. झालेली मुले-मुली आता शेकड्यांनी आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या मनात हा विचार येणे स्वाभाविक आहे. म्हणून या पदवीचे नेमके मोल काय, ते एकदा स्पष्ट मांडणे गरजेचे आहे.

२०२० ते २०२२ या काळात काय झाले ते विसरून चालणार नाही. सुमारे २३ हजार भारतीय विद्यार्थी, त्यातले बहुतेक वैद्यकीय शाखेचे, कोरोनाच्या निर्बंधांमुळे चीनबाहेर अडकून पडले. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हिसा पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांनी घरात बसून मोबाईलवर डॉक्टरकी शिकली. मार्च २०२२ मध्ये यूजीसीने जाहीर सूचना काढून बजावले की, पूर्वपरवानगीशिवाय ऑनलाइन पद्धतीने केलेली पदवी ग्राह्य धरली जाणार नाही. कर्ज काढलेल्या आई-बापांना ही सूचना कशी वाटली असेल? चूक विद्यार्थ्यांची नव्हती, पण किंमत त्यांनीच मोजली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. चीनमध्ये इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक एलएल.एम. अभ्यासक्रमांचा विषय ‘चिनी कायदा’ हा असतो. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठाने असा अभ्यासक्रम २००५ मध्ये सुरू केला. पेकिंग विद्यापीठ, रेनमिन विद्यापीठ, शांघायचे फुदान व जिआओतोंग अशा नामवंत संस्थांनीही असे अभ्यासक्रम चालवले आहेत. परदेशी कंपन्या, वकील आणि अधिकारी यांना चीनचा कायदा कळावा हा त्यामागचा हेतू. म्हणजे हा कायदा बाहेरच्या माणसाला बाहेरून दाखवला जातो. त्यात गैर काही नाही. परंतु हे शिक्षण चीनमध्ये वकिली करण्यासाठी आहे असा समज कोणी करून देत असेल तर तो खोटा आहे.

चीनमध्ये वकील व्हायचे तर राष्ट्रीय विधी व्यवसाय पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २००२ पासून ती न्यायिक परीक्षा म्हणून होत असे, २०१८ पासून नव्या नावाने होते. तिला बसण्यासाठी चीनचे नागरिकत्व लागते. हाँगकाँग, मकाव आणि तैवानच्या लोकांना मुभा आहे, भारतीयाला नाही. मग तिथल्या परदेशी लॉ फर्ममध्ये नोकरी? २००२ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे परदेशी फर्मच्या कार्यालयांना चिनी कायद्याची वकिली करता येत नाही. त्यांच्याकडे नोकरी करणाऱ्या चिनी वकिलालासुद्धा आपली सनद बाजूला ठेवावी लागते. जिथे त्यांचा स्वतःचा वकील असा बांधलेला, तिथे आपल्या पोराला कोण विचारणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये लंडनला गेल्यावर एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले होते : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. एक विद्येसाठी, दुसरे सनदेसाठी. १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात त्यांनी वकिली सुरू केली ती ग्रेज इनच्या बॅरिस्टरीवर. पदवी आणि सनद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आज आपल्याकडे सनद मिळते ती १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली आणि त्यासाठी एलएल.बी. लागते. एलएल.एम. कुठलीही असो, बीजिंगची किंवा हार्वर्डची, तिने सनदेत काडीचा फरक पडत नाही.

फरक पडतो तो प्राध्यापकी करायची असेल तर. तिथे मात्र नीट पाहून पाऊल टाकावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२० चे नियम जानेवारी २०२१ मध्ये राजपत्रात आणले. त्यात एका वर्षाची एलएल.एम. मोडीत काढण्याचे ठरवले आणि परदेशातील एका वर्षाच्या एलएल.एम.ला भारतीय एलएल.एम.ची बरोबरी नाकारली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि कौन्सिलने त्या वर्षापुरती अंमलबजावणी थांबवली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम काढले. पण कायदा, वैद्यक असे जे विषय वैधानिक परिषदांच्या अखत्यारीत येतात ते त्या नियमांच्या बाहेर ठेवले. एकूण काय, तर कायद्याच्या विद्यार्थ्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावे लागते. अशा परिस्थितीत एका वर्षाचा, प्रबंध नसलेला अभ्यासक्रम केवळ लवकर संपतो म्हणून निवडणे धोक्याचे आहे. दोन वर्षांचा, प्रबंधासह असलेला अभ्यासक्रम निदान वादात टिकण्याची शक्यता अधिक.

आता संस्था कोणती निवडायची? इथे आपल्या शिष्यवृत्त्यांनीच एक गोंधळ करून ठेवला आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला क्यूएसच्या जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या ५०० संस्थांची अट आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीलाही तीच क्रमवारी लागते आणि तिथली मर्यादा अधिक कडक आहे. त्सिंगहुआ आणि पेकिंग ही विद्यापीठे या क्रमवारीत पहिल्या पंचविसांत बसतात. पण चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०१७ मध्ये विषयवार मूल्यमापन केले तेव्हा कायद्यात सर्वोच्च दर्जा दोनच संस्थांना मिळाला : रेनमिन विद्यापीठ आणि चायना युनिव्हर्सिटी ऑफ पॉलिटिकल सायन्स अँड लॉ. त्सिंगहुआ आणि पेकिंग त्यांच्या खालच्या पायरीवर होती. जागतिक क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची असते. त्यात इंजिनिअरिंग, विज्ञान, शोधनिबंधांची संख्या असे सगळे येते. केवळ कायदा शिकवणारी संस्था तिथे मागे पडणारच. म्हणजे चीनमधले कायद्याचे सर्वात वजनदार विद्यापीठ आपल्या शिष्यवृत्तीच्या चाळणीतून गळू शकते. सामाजिक न्याय खात्यातील अधिकाऱ्यांनी विषयवार क्रमवारीचा विचार करावा, ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. तोपर्यंत ज्याला या शिष्यवृत्तीवर जायचे आहे त्याने विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव घालून खात्याकडून लेखी उत्तर घ्यावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर अर्ज करू नये.

चीन सरकारची स्वतःची शिष्यवृत्तीही आहे. पूर्ण शिष्यवृत्तीत फी माफ, राहण्याची सोय, वैद्यकीय विमा आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला दरमहा ३००० युआन मिळतात. गरीब घरच्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. पण तिच्यातली एक सोय फार थोड्यांच्या लक्षात येते. चिनी माध्यमातून शिकायचे ठरवले तर आधी भाषेच्या पूर्वतयारीचा काळही त्याच शिष्यवृत्तीत मिळू शकतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि जाहिरातवाले नेमकी हीच लपवतात. ‘इंग्रजीतून’ हा शब्द ते गुण म्हणून विकतात. वास्तविक तो या अभ्यासक्रमाचा सर्वात मोठा उणेपणा आहे.

का, ते पाहा. चीनची नागरी संहिता मे २०२० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. तिची १२६० कलमे आहेत. करार, मालमत्ता, विवाह, वारसा, नुकसानभरपाई असे सगळे त्यात आहे. इंग्रजी भाषांतर मिळते, पण कोर्टात चालते ते चिनी शब्द. सर्वोच्च लोकन्यायालयाने २०१३ मध्ये निकालांचे संकेतस्थळ उघडले आणि कोट्यवधी निकाल त्यावर आले. ते सगळे चिनीत. (२०२१ नंतर तिथे नवे निकाल टाकण्याचे प्रमाण बरेच घटले, हा भाग वेगळा.) करारनामा दोन भाषांत असला तर बहुधा चिनी प्रत प्रमाण मानण्याचे कलम त्यात असते. त्यावर सहीपेक्षा कंपनीच्या लाल शिक्क्याला महत्त्व असते आणि तो शिक्का खरा की बनावट हे ओळखायला त्यावरची अक्षरे वाचता यावी लागतात. इंग्रजीतून एलएल.एम. झालेला, चिनी न येणारा माणूस या कागदासमोर निरक्षरच. आपल्या आज्याने पाटलाच्या वहीवर अंगठा उठवला त्यात आणि यात फरक तो किती?

उलट भाषा येत असेल तर काम आहे, आणि ते भारतातच आहे. २०२४-२५ मध्ये चीनशी भारताची व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. इतका माल येतो म्हणजे तितके करार होतात आणि त्यातले काही मोडतात. चीनच्या मुख्य भूमीवरील कोर्टाचा निवाडा भारतात सरळ वजावणीला लावता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली तो प्रदेश अधिसूचित नाही. हाँगकाँग आहे. लवादाचा निवाडा मात्र चालतो. भारताने मार्च २०१२ मध्ये न्यूयॉर्क कराराखाली चीनला अधिसूचित केले आहे. म्हणून चीनमधून माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याला करारात लवादाचे कलम कसे घालायचे, हे सांगणारा वकील हवा असतो. एप्रिल २०२० पासून शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी लागू झाली, त्याचेही काम निघते. या क्षेत्रात आज जातीचे आणि घराण्याचे जुने मठ अजून उभे राहिलेले नाहीत. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्मच्या दारात आपल्या मुलांना आडनाव विचारले जाते. चिनी वाचणाऱ्या वकिलाच्या बाबतीत ते विचारणे तितके परवडणारे नाही, असे मला वाटते.

हाँगकाँगचा पर्याय वेगळा धरावा. तिथे इंग्रजी परंपरेचा कॉमन लॉ आहे, कोर्टात इंग्रजी चालते, आपल्या विद्यार्थ्याला तो कायदा ओळखीचा वाटतो. खर्च मात्र बराच जास्त. आणि जून २०२० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा व मार्च २०२४ चा त्यापुढचा कायदा यांनी तिथले वातावरण बदलले आहे. शेन्झेनमध्ये पेकिंग विद्यापीठाने २००८ मध्ये अमेरिकन धर्तीचे लॉ स्कूल काढले. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळेल या आशेवर ते उभे राहिले होते. २०१२ मध्ये असोसिएशनने परदेशी संस्थांना मान्यता न देण्याचे ठरवले आणि ती आशा संपली. शाळा चांगली, शिक्षक चांगले, तरी दुसऱ्या देशातल्या एका ठरावाने पदवीचा अर्थ बदलला.

आता शेवटचा प्रश्न, जो आपल्या वाचकाला इतरांपेक्षा अधिक बोचणारा आहे. आपण कायदा शिकतो तो केवळ पोटासाठी नव्हे. हक्कांचा कायदा शिकायला चीनला जावे का?

शानतोंग प्रांतातील छी युलिंग या मुलीची गोष्ट चीनच्या प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला माहीत आहे. १९९० मध्ये तिने प्रवेश परीक्षा उत्तीर्ण केली. तिचे प्रवेशपत्र वर्गातल्या दुसऱ्या मुलीने लाटले, तिच्याच नावाने शिक्षण घेतले, तिच्याच नावाने बँकेत नोकरी धरली. उघडकीस आल्यावर छी कोर्टात गेली. २००१ मध्ये सर्वोच्च लोकन्यायालयाने राज्यघटनेतील शिक्षणाच्या हक्काचा आधार घेऊन तिच्या बाजूने अभिप्राय दिला. चिनी घटना कोर्टात बोलू लागली म्हणून विद्वानांनी आनंद केला. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने तो अभिप्राय स्वतःच रद्द केला. कारणही दिले नाही. शानतोंगमध्येच अशी आणखी प्रकरणे उघड झाल्यावर २०२० अखेरीस दुसऱ्याच्या नावाने प्रवेश घेणे फौजदारी गुन्हा ठरले. म्हणजे चोराला शिक्षा आहे, पण घटना हातात धरून नागरिकाने कोर्टाचे दार ठोठवावे ही वाट बंद. ज्या समाजाने कलम ३२ चा अर्थ घटनाकारांकडून ऐकला, त्याला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

२००३ मध्ये सुन चिगांग हा तरुण ग्वांगचौला पोलिसांच्या कोठडीव्यवस्थेत मेला, ओळखपत्र जवळ नव्हते एवढ्या कारणाने पकडला गेला होता. पेकिंग विद्यापीठाच्या तीन कायदापंडितांनी संसदेच्या स्थायी समितीला अर्ज केला आणि सरकारने ती कोठडीची पद्धत मोडली. त्या तिघांपैकी शू चियोंग यांना एप्रिल २०२३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०१५ मध्ये हक्कांची वकिली करणाऱ्यांची देशभर धरपकड झाली. त्सिंगहुआचे कायद्याचे प्राध्यापक शू चांगरुन यांना सत्तेवर टीका केल्यानंतर २०२० मध्ये विद्यापीठाने काढून टाकले. हेच ते विद्यापीठ, ज्याचे नाव क्रमवारीत वर आहे म्हणून आपण शिष्यवृत्ती मागणार.

आपल्या सरकारलाही यात अगदी धुतल्या तांदळासारखे मानायचे कारण नाही. २०२२ मध्ये केंद्राने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे जातीवर परदेशात प्रबंध लिहायचा तर इथून पैसा नाही, आणि हक्कांवर प्रबंध लिहायचा तर तिथे मार्गदर्शक मिळणे कठीण. या दोन भिंतींच्या मधली जी जागा उरते ती कंपनी कायदा, करार, लवाद, बौद्धिक संपदा, कामगार कायदा यांची आहे. तिथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि शिकवणारे तोलामोलाचे आहेत. ज्याला हेच शिकायचे आहे त्याने आधी इथे एलएल.बी. करून सनद घ्यावी, वर्ष-दोन वर्षे कोर्टात काढावी, चिनी भाषा निदान वाचण्यापुरती इथेच सुरू करावी, आणि मगच अर्ज करावा. विद्यापीठाला पत्र लिहून विचारावे की वर्ग प्रत्यक्ष भरतात का, प्रबंध आहे का, चिनी भाषेचे तास किती, आणि शेवटी पदवी कोणाच्या नावाची मिळते. चीनमध्ये शैक्षणिक वर्ष सप्टेंबरला सुरू होते आणि सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये भरले जातात. पत्राची उत्तरे हाती यायला दिवाळीपासूनच लागावे लागेल.